पुराणकथा आणि जगाचा इतिहास: वाद न होणारे प्रश्न कसे काढावेत

ऐरोलीहून एका ताईंनी विचारलं आहे. त्यांच्या सोसायटीच्या गणेशोत्सवात पुराणकथा आणि जगाचा इतिहास या विषयांवर प्रश्नमंजुषा असते. चौथी-पाचवीच्या मुलांपासून पंचाहत्तरीच्या आजोबांपर्यंत सगळे एकत्र खेळतात. गेल्या वर्षी 'सीतेच्या पर्णकुटीभोवती रेषा कोणी आखली?' असा प्रश्न आला. एका संघाने 'लक्ष्मण' सांगून दहा गुण घेतले, आणि प्रेक्षकांतल्या एका निवृत्त संस्कृत शिक्षिकेने उठून सांगितलं की वाल्मीकि रामायणात अशी रेषाच नाही. त्यावरून दोन विंगांत बरेच दिवस अबोला होता. यंदा प्रश्न काढण्याचं काम ताईंकडे आलं आहे. प्रश्न कुठून आणायचे आणि भांडण कसं टाळायचं, एवढंच त्यांना हवं आहे.

ताई, त्या शिक्षिकाबाईंचं म्हणणं बरोबर होतं. आणि ज्या संघाने 'लक्ष्मण' सांगितलं, त्यांचंही चूक नव्हतं. अपुरा होता तो प्रश्न. मी ठाण्यात शाळा, वाचनालयं, मंडळं आणि कंपन्यांसाठी बरीच वर्षं प्रश्न काढतो. माझ्या अनुभवात वाद उत्तरावरून होताना दिसतो, पण त्याचं मूळ जवळजवळ नेहमी प्रश्नाच्या वाक्यात असतं. उत्तर कशाच्या आधाराने बरोबर धरायचं हे प्रश्नानेच सांगायला हवं. पुराणकथेत तो आधार म्हणजे ग्रंथ किंवा परंपरा. इतिहासात तो आधार कधी दिनदर्शिका असते, कधी 'पहिला' या शब्दाची व्याख्या.

लक्ष्मणरेषेचंच घ्या. वाल्मीकींच्या अरण्यकांडात लक्ष्मण सीतेला वनदेवतांच्या भरवशावर सोडून जातो, रेषा आखत नाही. तुलसीदासांच्या रामचरितमानसातही सीताहरणाच्या प्रसंगात ती येत नाही. येते ती पुढे लंकाकांडात, मंदोदरी रावणाला टोचून बोलते तेव्हा: रामाच्या धाकट्या भावाने आखलेली छोटीशी रेघसुद्धा तुम्हाला ओलांडता आली नाही, आणि पराक्रमाच्या गोष्टी करता! आता बघा, या माहितीतून किती सुंदर प्रश्न तयार होतो. 'रामचरितमानसात लक्ष्मणाने आखलेल्या रेषेवरून रावणाला टोमणा मारणारी व्यक्ती कोण?' ज्याने ग्रंथ वाचलेला नाही तोही विचार करू शकतो की रावणाला तोंडावर असं बोलण्याची हिंमत कोणाची असेल. बिभीषण, कुंभकर्ण, मंदोदरी अशी चर्चा संघात सुरू होते. ग्रंथाचं नाव प्रश्नातच असल्यामुळे हरकतीला जागाच उरत नाही.

अशा जागा रामायण-महाभारतात भरपूर आहेत, आणि प्रश्न काढणाऱ्याला त्या पाठ असायला हव्यात. वाल्मीकींच्या बालकांडात अहल्या शिळा होत नाही. ती वारा खाऊन, राखेत पडून, कोणालाही न दिसता तप करत राहते. शबरीची उष्टी बोरं वाल्मीकींकडे नाहीत. 'आंधळ्याचा मुलगा आंधळा' हे द्रौपदीच्या तोंडचं वाक्य व्यासांच्या महाभारतात सापडत नाही. या कथा खोट्या आहेत असं मी म्हणत नाही. लोकांनी, कीर्तनकारांनी, कवींनी त्या शतकानुशतकं जपल्या आहेत आणि त्यांचाही मान राखायला हवा. फक्त 'रामायणात' असं मोघम लिहू नका. 'वाल्मीकि रामायणानुसार' किंवा 'प्रचलित कथेनुसार' हे दोन शब्द जोडले की दोन्ही बाजूंचा सन्मान राहतो.

गणेशोत्सवात एक प्रश्न हमखास येतो: व्यासांनी सांगितलेलं महाभारत कोणी लिहून घेतलं? उत्तर अर्थातच गणपती. पण पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ साली सुरू करून १९६६ साली पूर्ण केलेली महाभारताची चिकित्सित आवृत्ती पाहिली, तर ही कथा मूळ संहितेत घेतलेली नाही, परिशिष्टात आहे. हस्तलिखितं ताडून पाहिल्यावर संपादकांना ती नंतरची भर वाटली. तुमच्याकडच्या त्या बाईंना हे नक्की माहीत असणार. म्हणून मी हा प्रश्न वेगळा विचारतो: 'प्रचलित कथेनुसार, लेखणी थांबू द्यायची नाही या अटीवर गणपती महाभारत लिहायला बसला. त्यावर व्यासांनी कोणती उलट अट घातली?' अर्थ समजल्याशिवाय लिहायचं नाही, हे उत्तर. मुलांना ही गोष्ट फार आवडते. व्यासांना दम घ्यायचा असला की ते एखादा अवघड श्लोक टाकत, हे उत्तरानंतर अर्ध्या मिनिटात जरूर सांगा. मंडपात बसलेल्या आजीआजोबांना प्रश्नमंजुषा आवडते ती अशा गोष्टींसाठी.

नवी मुंबईत आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. एकाच मजल्यावर मराठी, तमिळ, बंगाली, मल्याळी घरं असतात. 'कार्तिकेय गणपतीचा थोरला भाऊ की धाकटा?' हा प्रश्न आपल्याला बाळबोध वाटतो, पण तमिळ घरात मुरुगन धाकटा असतो, आणि त्याला वळ्ळी आणि देवसेना अशा दोन बायका असतात. आपल्याकडे तो ब्रह्मचारी. गणपतीच्या बायकांचंही तसंच. आपण रिद्धी-सिद्धी म्हणतो, शिवपुराणात सिद्धी आणि बुद्धी अशी नावं आहेत, आणि क्षेम व लाभ हे त्यांचे मुलगे. दशावतारांत नववा कोण, यावर तर तीन उत्तरं मिळतील: बुद्ध, काही ठिकाणी बलराम, आणि महाराष्ट्रातल्या जुन्या चित्रांत व कोरीवकामात त्या जागी उभा असलेला विठ्ठल. हे सगळे प्रश्न टाळू नका, उलट मुद्दाम घ्या. फक्त 'तमिळ परंपरेत', 'शिवपुराणात' हे शब्द वाक्याच्या सुरुवातीलाच येऊ द्या. शेजारच्या तमिळ काकूंना आपल्या देवाची गोष्ट आपल्या मंडपात ऐकायला मिळते, त्याचा आनंद वेगळाच असतो.

समुद्रमंथनातली चौदा रत्नं विचारायची असतील तर आपल्याकडे एक आयता आधार आहे: लग्नात म्हणतात ते मंगलाष्टक, 'लक्ष्मीः कौस्तुभपारिजातकसुरा धन्वन्तरिश्चन्द्रमाः'. रत्नांची यादी आणि क्रम ग्रंथागणिक बदलतो. भागवतात हलाहल सगळ्यात आधी निघतं, मंगलाष्टकात ते अकरावं येतं. म्हणून 'या मंगलाष्टकात आलेली जास्तीत जास्त रत्नं सांगा, प्रत्येकी एक गुण' असं विचारा. संघातले सगळे मनातल्या मनात चाल धरून म्हणायला लागतात, आणि आजवर शेकडो लग्नांत ऐकलेल्या ओळींत काय होतं ते पहिल्यांदा लक्षात येतं.

आता प्रश्नाचा दुसरा गुण, जो मला पहिल्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. उत्तर पाठ नसलं तरी विचार करून तिथपर्यंत पोचता आलं पाहिजे. 'धृतराष्ट्राच्या सत्तेचाळिसाव्या मुलाचं नाव काय?' यात खेळ नाही. सांगणाऱ्याने पाठ केलं आणि ऐकणारा गप्प बसला, एवढंच होतं. त्यापेक्षा असं विचारा: 'धृतराष्ट्राचा कोणता मुलगा युद्ध सुरू होण्यापूर्वी पांडवांच्या बाजूला गेला आणि युद्धानंतरही जिवंत राहिला?' बरेच जण विकर्ण म्हणतील, कारण द्यूतसभेत द्रौपदीची बाजू त्याने घेतली होती. पण विकर्ण कौरवांकडूनच लढला आणि भीमाच्या हातून मेला. उत्तर युयुत्सू, धृतराष्ट्राला वैश्य स्त्रीपासून झालेला मुलगा. चुकलेल्या संघालाही यातून विकर्णाची गोष्ट पुन्हा आठवते.

एक प्रश्न मी कसा घडवतो ते जरा जवळून दाखवतो. कौरवांच्या सेनापतींवर प्रश्न काढायचा आहे. पहिला मसुदा: 'कौरवांचा शेवटचा सेनापती कोण?' मनात उत्तर शल्य. पण थांबा. अठराव्या दिवशी शल्य पडला, पुढे भीमाने दुर्योधनाच्या मांड्या फोडल्या, आणि त्या अवस्थेत दुर्योधनाने अश्वत्थाम्याला सेनापतिपदाचा अभिषेक करवला. म्हणजे 'शेवटचा' या शब्दाने उत्तर बदलतं. दुसरा मसुदा: 'अठराव्या दिवशी कौरवांचा सेनापती कोण?' आता वाद कमी झाला, पण प्रश्न अजून कोरडा आहे. तिसरा: 'महाभारत युद्धात भीष्म दहा दिवस, द्रोण पाच दिवस आणि कर्ण दोन दिवस सेनापती होते. अठराव्या दिवशी सकाळी हे पद ज्याला मिळालं, तो पांडवांपैकी दोघांचा सख्खा मामा होता. कोण?' आता दहा वर्षांची मुलगीसुद्धा नकुल-सहदेव, माद्री, माद्रीचा भाऊ अशी पायरी पायरीने शल्यापर्यंत येते. आणि 'सकाळी' हा एक शब्द अश्वत्थाम्याची हरकत मिटवून टाकतो. असा एकेक शब्द शोधण्यात वेळ जातो, पण तो वेळ द्या.

परदेशी पुराणकथांचं गणित सोपं आहे, कारण तिथेही तोच नियम चालतो. ट्रॉयचा लाकडी घोडा होमरच्या इलियडमध्ये नाही. ते महाकाव्य हेक्टरच्या अंत्यसंस्कारावर संपतं. घोडा ओडिसीमध्ये आठवणीच्या रूपाने येतो आणि व्हर्जिलच्या लॅटिन इनीडमध्ये सविस्तर येतो. अकिलीजची टाचही होमरकडे नाही. ग्रीक आणि रोमन नावांची सरमिसळ करू नका. झ्यूस आणि हेरा एका प्रश्नात असतील तर तिथे हर्क्युलीस लिहू नका, हेराक्लीस लिहा. उत्तरपत्रिकेवर मात्र 'हर्क्युलीसही चालेल' अशी नोंद हवी. प्रत्येक उत्तरापुढे काय काय चालेल हे आधीच लिहून ठेवलं, की मंचावर गुणलेखकाला विचार करत बसावं लागत नाही.

आपल्या लोकांना बाहेरच्या कथा आवडतात त्या आपल्या कथांशी जुळल्या की. १८७२ साली लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये जॉर्ज स्मिथ नावाचा अभ्यासक आजच्या इराकमधल्या निनवे इथून आलेला मातीचा तुकडा वाचत होता. त्यात एक मोठी नाव एका डोंगरावर टेकते, आणि नावेतला माणूस आधी कबुतर, मग पाकोळी, मग कावळा सोडून बघतो. 'हे कशाचं वर्णन आहे, आणि आपल्याकडे शतपथ ब्राह्मणात हीच आपत्ती कोणावर येते?' उत्तर महापूर आणि मनू. तो तुकडा मेसोपोटेमियातल्या गिल्गमेशच्या प्राचीन महाकाव्याचा होता. मुलांना नोहाची गोष्ट शाळेत ऐकून माहीत असते, आजोबांना मत्स्यावतार माहीत असतो. हा प्रश्न दोघांनी मिळूनच सुटतो. जाणकारांसाठी पुढचा टप्पाही आहे: महाभारताच्या वनपर्वात तो मासा स्वतःची ओळख ब्रह्मा म्हणून करून देतो, विष्णू म्हणून नाही.

इतिहासाकडे येऊ. इथे सगळ्यात घातक शब्द म्हणजे 'पहिला'. आपल्या ठाण्याचंच उदाहरण पुरेसं आहे. 'भारतात पहिली रेल्वे कधी धावली?' असं विचारलंत आणि १६ एप्रिल १८५३ हे उत्तर धरलंत, तर कोणीतरी उठून सांगेल की मद्रासजवळ रेड हिल्सला १८३७ साली दगड वाहणारी रेल्वे होती, रुडकीजवळ सोलानी जलसेतूच्या कामावर १८५१ साली इंजिन चाललं होतं. ते बरोबरच आहे. म्हणून 'प्रवाशांची पहिली सार्वजनिक रेल्वे' असं लिहा. आणि तारीख तर अजिबात विचारू नका, ती ठाण्यातल्या प्रत्येक मुलाला पाठ आहे. बोरीबंदर ते ठाणे ३४ किलोमीटर, चौदा डबे, सुमारे चारशे पाहुणे आणि तीन इंजिनं. त्यातलं साहिब आणि सिंध सांगून तिसऱ्याचं नाव विचारा: सुलतान.

मॅगेलनचंही तसंच. 'पृथ्वीप्रदक्षिणा प्रथम कोणी पूर्ण केली?' याला अर्धा मंडप मॅगेलन म्हणतो. तो २७ एप्रिल १५२१ रोजी फिलिपाइन्समध्ये माक्तानच्या लढाईत मारला गेला. पाच जहाजांपैकी व्हिक्टोरिया हे एकच जहाज, त्याच मोहिमेतल्या एल्कानोच्या हाताखाली, प्रदक्षिणा पूर्ण करून सप्टेंबर १५२२ मध्ये अठरा माणसं घेऊन स्पेनला परतलं. हे सगळं उत्तरानंतर सांगण्यासारखं आहे. मुलांच्या चेहऱ्यावर ते अठरा जण उभे राहतात.

तारखांत दिनदर्शिकेचा घोळ असतो. रशियाची ऑक्टोबर क्रांती आपल्या हिशोबाने ७ नोव्हेंबर १९१७ रोजी झाली, कारण तिथे तेव्हा जुनी ज्युलियन दिनदर्शिका चालू होती आणि त्यानुसार ती तारीख २५ ऑक्टोबर होती. तिथी आणि तारीख यांतला फरक मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही, शिवजयंतीमुळे तो आपल्या रोजच्या परिचयाचा आहे. म्हणूनच हा प्रश्न आपल्याकडे छान रंगतो. तारीख विचारू नका, कारण विचारा: 'ऑक्टोबर क्रांतीचा स्मृतिदिन नोव्हेंबरमध्ये का पाळायचे?'

जगाचा इतिहास परका वाटू नये म्हणून एक पाय आपल्या गावात ठेवा. मला सगळ्यात जास्त समाधान अशा प्रश्नांतून मिळतं. १४ जानेवारी १७६१ला पानिपत झालं. त्यानंतर दोन दिवसांच्या आत दक्षिणेत फ्रेंचांचं पुद्दुचेरी इंग्रजांच्या हाती पडलं, कारण युरोपात तेव्हा इंग्रज आणि फ्रेंच एकमेकांविरुद्ध लढत असलेलं सप्तवार्षिक युद्ध पेटलेलं होतं. १८१५ साली पंढरपुरात बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा खून झाला, त्याच वर्षी वॉटर्लूला नेपोलियन संपला. त्या खुनासाठी ठाण्याच्या किल्ल्यात डांबलेले, दुसऱ्या बाजीरावाचे विश्वासू त्र्यंबकजी डेंगळे १८१६ साली तिथून निसटले. घोड्याच्या मोतद्दाराने गाण्यातून त्यांना निरोप पोचवला अशी हकिगत आहे. तोच किल्ला आज ठाण्याचा मध्यवर्ती कारागृह आहे. १८६१ ते १८६५ या काळात मुंबईत कापसाच्या पैशाचा पूर आला आणि शेअरचा बाजार वेडा झाला. कोणत्या देशातल्या युद्धामुळे? अमेरिकेतल्या यादवीमुळे, कारण तिथला कापूस इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांपर्यंत पोचेना. शेअर बाजार कळणारे तुमच्या सोसायटीतले तरुण हा प्रश्न तर्काने सोडवतील.

आणि एक प्रश्न खास तुमच्या अंतिम फेरीसाठी, मी लिहिलाय तसाच वाचा: 'चौदाव्या शतकात पोर्देनोनेचा ओदोरिक नावाचा इटालियन धर्मोपदेशक समुद्रमार्गे आपल्या किनाऱ्यावर उतरला. १३२१ साली या गावात मारल्या गेलेल्या आपल्या चार बांधवांच्या अस्थी त्याने इथून थेट चीनला नेल्या. हे गाव शिलाहार राजांच्या ताम्रपटांत श्रीस्थानक म्हणून येतं. १७३७ साली ते मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून जिंकलं आणि १७७४च्या डिसेंबरात इंग्रजांनी घेतलं. गाव कोणतं?' पहिल्या वाक्याला सगळे परदेशात शोधत असतात. श्रीस्थानक ऐकलं की काहींचे हात वर होतात, आणि उरलेल्यांना पोर्तुगीजांपाशी ठाणे सापडतं. संकेत अवघडाकडून सोप्याकडे यावेत. आधी सोपा दिला तर पुढचं कोणी ऐकत नाही.

प्रश्न कुठून आणायचे? मोबाइलवर फिरणाऱ्या तयार याद्यांतून नाही. चंद्रावरून चीनची भिंत दिसते, युनेस्कोने आपल्या राष्ट्रगीताला जगातलं सर्वोत्तम ठरवलं, असल्या निराधार गोष्टी तिथूनच येतात. महाभारत-रामायणाची चांगली मराठी भाषांतरं, मराठी विश्वकोश, जिल्ह्याची गॅझेटियर्स (सरकारने काढलेले माहितीग्रंथ) एवढं पुरे आहे. वाशी-ठाण्यातल्या वाचनालयांत हे मिळतं. प्रत्येक उत्तर एकमेकांवर न बेतलेल्या दोन ठिकाणी तपासा, आणि पान क्रमांक उत्तरपत्रिकेवर टिपून ठेवा. हरकत आली की पान दाखवायचं, आवाज चढवायचा नाही.

प्रश्न लिहून झाले की ते न पाहिलेल्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवा. कागदावर नीट वाटणारं वाक्य माइकवर अडखळतं, विशेषतः परदेशी नावांपाशी. एका प्रश्नात दोनपेक्षा जास्त अनोळखी नावं नकोत. कोणाच्या श्रद्धेला किंवा जातीला उत्तरातून टोचेल असा प्रश्न कितीही चांगला असला तरी सोसायटीच्या मंडपात घेऊ नका.

माझी एक खास विनंती: यंदा त्या शिक्षिकाबाईंना पंच म्हणून मंचावर बसवा. त्या नक्की तयार होतील. संस्कृत ग्रंथांचे प्रश्न त्यांना आठवडाभर आधी वाचायला द्या, त्या शब्द सुधारतील, आणि पंचांचा निर्णय अंतिम हे सुरुवातीलाच जाहीर करा.

बरोबरी झाली तर आकड्याचा प्रश्न हाताशी ठेवा. दोन्ही संघांनी आकडा कागदावर लिहायचा, जवळचा जिंकतो. माझा आवडता: 'आदिपर्वातल्या हिशोबानुसार एका अक्षौहिणीत रथ किती?' उत्तर २१,८७०. हत्तीही तितकेच, घोडे ६५,६१० आणि पायदळ १,०९,३५०. यातल्या प्रत्येक आकड्यातले अंक मिळवले की बेरीज अठरा येते, हे मुलांना तिथेच फळ्यावर करून बघायला सांगा.